बाटलीच्या तळाची दोन बोटं

अण्णा, काल मी खराडीत एका बारच्या गच्चीवर बसून काळी बिअर प्यायले. सोबत सिगारही होती. तुमचा नातू घेऊन गेला होता, त्यामुळे बिघडले असेनच तर पुढच्या पिढीच्या संगतीने बिघडले असं समजा. तिथे रविवारी दुपारी एक कार्यक्रम असतो. कडक काळी बिअर आणि तितकीच कडक सिगार यांची जोडी कशी जमवायची ते समजावून सांगतात, आणि शिकलीसवरलेली माणसं आधी नाव नोंदवून ते ऐकायला येतात. नातवाने मोबाइलवर त्याची जाहिरात दाखवली आणि हसत म्हणाला, "आई, बघ, आजोबांचं सोमवारचं प्रकरण आता फॅशनमध्ये आलंय." मी म्हटलं, मला ने. तो घाबरलाच. "तू येणार? तिथे?" "का, तिथे खुर्च्या नाहीत का?" असं मी विचारलं, आणि विचारल्यावर लक्षात आलं, हे तुमचंच बोलणं माझ्या तोंडून आलंय.

तिथे मला एक गोष्ट कळली. ती सांगण्याआधी मात्र तुमच्याशी भांडायचं आहे, कारण ते भांडण राहून गेलंय. तुमच्यावर माझा एक राग आहे. तुम्ही होतात तेव्हा तो होता आणि तुम्ही गेल्यावरही गेला नाही. इतकी वर्षं तुमचे सोमवार माझ्या हातून पार पडले. बाटली मी उघडली, ग्लास मी विसळला, राख मी भरली. पण तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, "घेतेस का घोटभर?" मी कदाचित नाहीच म्हटलं असतं. पण विचारायला काय हरकत होती? आपण दोघंच तर होतो त्या घरात.

नारायण पेठेतल्या आपल्या दोन खोल्या मला अजून वासासकट आठवतात. तुम्ही कॅम्पातल्या एका क्लबात बार सांभाळायचात आणि सोमवारी क्लबाला सुट्टी. त्यामुळे अख्खी आळी सोमवारचा उपास धरून शिंगाडे उकडत असताना आपल्या स्वयंपाकघरात चारच्या सुमाराला बाटली उघडायची. "शंकराला चालतं," एवढंच तुम्ही म्हणायचात. सायकलला अडकवलेल्या पिशवीत, टॉवेलात गुंडाळून ती बाटली आदल्या दिवशी घरी आलेली असायची, आणि तुमच्या वरच्या खिशात एक जाडजूड, काळपट, त्रिचीची सिगार. दोन्ही रीतसर विकत घेतलेल्या. फुकटच्या बिअरला चव नसते असं तुमचं मत होतं. पिण्याचं परमिटही होतं, सरकारने तुमच्या प्रकृतीच्या काळजीपोटी दिलेलं. तुमची प्रकृती ठणठणीत होती. काळजी काय ती सरकारलाच होती.

बाटली मोरीपाशी पाण्याच्या बादलीत उभी ठेवलेली असते. बर्फ घालायचा नाही. "काळी बिअर फार गार केली की मुकी होते," तुम्ही सांगता. क्लबातून बाद झालेला, बुडाशी टवका उडालेला एक ग्लास असतो. आणि असतो आजोबांचा पितळी अडकित्ता. घरात पान कोणी खात नाही, पण तो अडकित्ता तुम्ही धुऊनपुसून फळीवर ठेवता आणि सोमवारी त्याने सिगारेचं टोक कातरता, अगदी लग्नघरी सुपारी कातरावी तशा गंभीर चेहऱ्याने. मग मागच्या बोळात उघडणाऱ्या खिडकीशी खुर्ची ओढून बसता. काडी जवळ धरून सिगार हळूहळू फिरवत पेटवता. एक झुरका, मग बराच वेळ काही नाही, मग एक घोट. घाई अजिबात नाही. मी एकदा विचारलं होतं, साधी पिवळी बिअर का नाही घेत? तेव्हा तुम्ही म्हणालात, "या सिगारेपुढे पिवळी बिअर म्हणजे ठेच्यापुढे फुलका. फुलका बिचारा मरतो. ठेच्याला भाकरीच लागते." थोडं थांबून पुढे म्हणालात, "आणि या बिअरपुढे हलकी सिगार म्हणजे नुसती उदबत्ती. जोडी कशी हवी, एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं, मग दुसऱ्याने बोलायचं."

आई होती तेव्हा ती समोर पाटावर बसून तांदूळ निवडायची. "घराचा गुत्ता केलाय नुसता," असं दर सोमवारी एकदा म्हणायची, म्हटलं नाही तर बरं दिसणार नाही म्हणून. पण उठून मात्र जायची नाही. आठवडाभर तुम्ही दोघं कामापुरतं बोलायचात, सोमवारी चार ते सहा मात्र तुमचं बोलणं संपायचं नाही. क्लबातल्या मेजरसाहेबांच्या गमती, माहेरच्या कोणाचं लग्न, कोणाचं मोडलेलं लग्न. मी दाराशी गृहपाठ करत बसलेली असायचे. ग्लास संपला की तुम्ही बाटली उंच धरून उजेडात बघायचात. तळाशी दोन बोटं बिअर उरलेली असायची. ती बाटली आईकडे सरकवून म्हणायचात, "खाली गाळ आहे. ओतून टाक." आई बाटली घेऊन मोरीपाशी जायची, आपल्याकडे पाठ करून उभी राहायची, मग एक तांब्या पाणी दणक्यात ओतायची आणि पदराने तोंड पुसत परत यायची. मग धुपाटणं पेटवायची. हे सगळं मी बघितलंय. पण लहानपणी आपण बघतो पुष्कळ, कळत काही नाही.

आई गेली तेव्हा मी सकाळच्या शाळेत शिकवायला नुकती लागले होते. पहिले काही सोमवार तुम्ही खिडकीशी नुसतेच बसलात. मग एका सोमवारी मी शाळेतून आले तर बादलीत बाटली उभी होती. मला बरं वाटलं. मी पाटावर बसून तांदूळ निवडायला घेतले, आणि तुम्ही मेजरसाहेबांचं काहीतरी सांगायला लागलात. आईच्या जागेवर बसलेय याचं मला रडू येत होतं, पण त्याच वेळी हसूही येत होतं, कारण तुम्ही मेजरसाहेबांची नक्कल फार छान करायचात. शेवटी बाटली उजेडात धरलीत. क्षणभर थांबलात, मग माझ्याकडे सरकवलीत. "खाली गाळ आहे. ओतून टाक."

मी मोरीपाशी गेले आणि प्यायले, अण्णा. का ते विचारू नका. बाटली तिरकी केली तर करपत आलेल्या गुळासारखा वास आला आणि हात ओतायला तयार होईना. आधी भाजलेल्या दाण्याच्या टरफलांची चव लागली, मग गुळाची, मग मागे राहिला एक बारीक, गोडसर कडवटपणा. स्वयंपाकघरात तुमच्या सिगारेचा धूर भरलेला होता, तो श्वासाबरोबर आत गेला आणि तो कडवटपणा एकदम गोल झाला. जोडी म्हणजे काय ते मला सिगारेला हात न लावताच कळलं. मग मी तांब्याभर पाणी दणक्यात ओतलं. त्यानंतर प्रत्येक सोमवारी हेच. तुम्ही ओतून टाक म्हणायचात, मी ओतून टाकलं असं दाखवायचे, आणि मला वाटायचं, बारवर केस पांढरे झालेल्या माणसाला मी कशी फसवते.

मग माझ्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली. दोन घरची मंडळी येऊन पोहे खाऊन गेली आणि जाताना "कळवतो" म्हणाली. पुण्यात कळवतो म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. आत्याने तुम्हाला माझ्यासमोरच सुनावलं, "दादा, आधी या घरातला वास घालव. लोक मुलगी बघायला येतात, क्लब बघायला नाही." तुम्ही तिला उलट बोलला नाहीत, यावरूनच मी काय ते ओळखायला हवं होतं. पुढच्या सोमवारी बादली रिकामी. ग्लास दिवाळीच्या भांड्यांबरोबर वरच्या फळीवर गेला. तुम्ही चार वाजता खिडकीशी चहा घेऊन बसलात, पाच मिनिटांत उठलात, खाली जाऊन आलात, पुन्हा बसलात. नुसती बिअर आणि सिगार सुटली असती तर गोष्ट वेगळी होती. तुमचं बोलणंच सुटलं. मेजरसाहेब गेले, नकला गेल्या. मी तांदूळ निवडायचे आणि तुम्ही बोळाकडे बघायचात. मला लग्नाची हौस होती, नाही असं नाही. पण मी सासरी जाणार आणि माझ्या लग्नापायी मुका झालेला हा माणूस इथे त्या खिडकीशी एकटा बसणार, हे मला सोसेना.

तिसरं स्थळ आलं ते सोमवारीच. तुम्ही क्लबाचा विषय निघू नये म्हणून हवापाण्यावर बोलत होतात. मुलाच्या आई म्हणाल्या, "घर अगदी टापटीप ठेवलंय हो." मुलाचे वडील स्वयंपाकघराच्या दाराशी हात धुवायला उठले आणि फळीवरचा अडकित्ता त्यांच्या नजरेला पडला. त्यांनी तो हातात घेतला.

"वा, जुना दिसतोय. पान खाता वाटतं आपण?"

"नाही," तुम्ही म्हणालात.

"मग घरात कोणी?"

"नाही."

त्यांनी अडकित्ता नाकाशी नेला. "मग याला तंबाखूचा वास कसा हो?"

तुमचा चेहरा पडला. आत्याने खोकायला सुरुवात केली. माझ्या हातात पोह्यांचा ट्रे होता, तो मी खाली ठेवला आणि म्हटलं, "सिगार कापायला वापरतात. सोमवारी एक सिगार आणि एक बाटली काळी बिअर, इथे या खिडकीशी. माझं लग्न जमावं म्हणून बंद केलंय. मला ते बंद झालेलं नकोय." संपलं, असं मला वाटलं. मुलाच्या आईने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा तुमच्याकडे बघत होता.

"काळी? पिवळी का नाही घेत?"

तुम्ही इतक्या दिवसांत पहिल्यांदा ताठ बसलात. "पिवळी त्या सिगारेपुढे टिकत नाही."

"हेच!" ते जवळजवळ ओरडले. "हेच मी सगळ्यांना सांगत असतो. एकालाही पटत नाही."

त्यांच्या बायकोने पोह्यांची बशी उचलली आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे आमच्याकडचं सोंग आणि तुमच्याकडचं एकाच गावचं. आम्हाला मुलगी पसंत आहे. यांनाही एकदाचं हक्काचं घर मिळेल." जाताना कोणी "कळवतो" म्हणालं नाही. हे मला पुढे कित्येक वर्षं चिडवायचे, "त्या दिवशी लग्न तुझं-माझं नाही, अण्णांचं आणि बाबांचं ठरलं."

आणि खरंच तसंच झालं. दर सोमवारी तुमचे व्याही बसने यायचे, कधी मी त्यांच्याबरोबर यायचे. आता बाटल्या दोन झाल्या, खिडकीशी खुर्च्या दोन झाल्या. सासऱ्यांसाठी तुम्ही नवा ग्लास आणलात, न टवकलेला. मला आनंद झाला होता, अगदी मनापासून. पण तोच आनंद पुढे टोचायला लागला. परक्या घरातला माणूस येतो, त्याला तुम्ही खुर्ची देता, ग्लास देता, "कशी वाटते आजची?" असं विचारता, आणि मी पाटावरच. एकदा मीच धीर करून विचारलं, "अण्णा, कशी लागते हो ही?" तुम्ही झुरका घेतलात, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "कडू." संपला विषय. सासरे हसले. मी बाटली घेऊन मोरीपाशी गेले, दोन बोटं प्यायले, आणि त्या दिवशी पाणी जरा जास्तच जोरात ओतलं. तुमच्या त्या एका शब्दाचा राग मी इतकी वर्षं जपलाय. तुम्ही गेलात, त्यानंतर सासऱ्यांनी काळ्या बिअरला हात लावला नाही. "एकट्याने सिगार पेटते, रंगत नाही," असं म्हणायचे. मला वाटायचं, त्यांना निदान सोबत होती असं म्हणता तरी येतं. मला काय म्हणता येईल?

तर काल. ती बिअर बनवणारी एक मुलगी आहे, हडपसरची, घरची शेती होती म्हणे. मोठ्या तांब्याच्या टाकीशेजारी गमबूट घालून उभी होती आणि माल्ट, म्हणजे मोड आणलेलं बार्लीचं धान्य, किती भाजायचं ते सगळ्यांना सांगत होती. मग गच्चीवर येऊन एकेकाच्या टेबलापाशी बसली. "काकू, पहिल्यांदाच ना? आधी एक सिप घ्या, मग पफ, मग वेट करा." तुमचा क्रम उलटा, झुरका आधी. पण थांबायचं तिनेही सांगितलं. मी थांबले. डोळ्यांत पाणी आलं ते धुराने आलं असं तुमच्या नातवाला वाटलं, मीही तसंच वाटू दिलं. मग मी सहज, म्हणजे काहीतरी बोलावं म्हणून विचारलं, "हिच्या तळाशी गाळ असतो ना गं?"

"आमच्या हिच्यात असतो थोडा, आम्ही फिल्टर नाही करत. का काकू, लागला का?"

"नाही. माझे वडील प्यायचे ना, फार वर्षांपूर्वी. गाळ आहे म्हणून तळाशी दोन बोटं ठेवायचे, ओतून टाकायला लावायचे."

"तेव्हाची फॅक्टरीची बॉटल? त्यात कुठला गाळ? फिल्टर करूनच भरायचे. एकदम क्लिअर." ती हसली. "आणि असला तरी चमचाभर असेल की. दोन बोटं म्हणजे चांगली बिअर झाली. काय करायचे ते? आय मीन, काम?"

"बार सांभाळायचे."

"मग त्यांना माहीत असणारच."

एवढं बोलून ती पुढच्या टेबलाकडे गेली. अण्णा, मी स्वतः प्यायलेय ती. शेकडो वेळा. एकदाही जिभेला कण लागला नाही, आणि तरी गाळ नसतो हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. तुम्ही म्हणालात गाळ, म्हणून गाळ. मांजर डोळे मिटून दूध पितं तशी मी त्या मोरीपाशी उभी राहायचे, आणि तुम्ही मागे खिडकीशी बसून बाहेर बोळात बघायचात. आता आठवतं, मी मोरीकडे वळले की तुम्ही नेहमी बोळातच बघायचात. त्या बोळात बघण्यासारखं काय होतं हो? आणि मग मला आई आठवली, पदराने तोंड पुसणारी. तुम्ही तिलाही कधी विचारलं नसणार. विचारलं असतंत तर त्या काळी, त्या घरात, तिला नाहीच म्हणावं लागलं असतं, आणि एकदा नाही म्हटल्यावर मग खरोखरच प्यायची सोय उरली नसती. म्हणून तुम्ही गाळ शोधून काढलात. ती गेल्यावर तो माझ्याकडे सरकवलात. सासऱ्यांना दिलेला तो नवा ग्लास आणि ती खुर्ची पाहुण्यांसाठी होती. घरच्या माणसाचा वाटा बाटलीतच असायचा.

मी हसायला लागले. नातू म्हणाला, "आई, चढली का तुला?" मी म्हटलं, "नाही रे, उतरली." त्याला काही कळलं नाही, आणि त्या गोंगाटात समजावून सांगण्यासारखं ते नव्हतंच.

आज सोमवार आहे. त्या मुलीकडून मी एक बाटली घरी आणलीय. हे बँकेत गेलेत, चार वाजलेत. आमच्या या फ्लॅटमध्ये मोरी नाही, सिंक आहे, आणि खिडकीतून समोरची बिल्डिंग दिसते. बाटली मी पाण्यात उभी ठेवली होती, बर्फ नाही. सिगार मला एकटीला पेटवता येणार नाही म्हणून उदबत्ती लावली. तुम्ही नाक मुरडाल, पण चालवून घ्या. खुर्चीत बसून ग्लासात ओतून घेतली, उघड उघड, सत्तरी जवळ आलेल्या बाईसारखी. सावकाश प्यायले. प्यायल्यावर बाटली उजेडात धरून बघितली तर दोन बोटं उरली होती. मुद्दाम ठेवली नव्हती, हाताने आपोआपच ठेवली.

भांडण मिटलं, अण्णा. आता हा कागद कुठे पाठवायचा तो प्रश्नच नाही, उदबत्तीच्या घराखाली ठेवते. फक्त एक राहिलं. ती कडू नव्हती. तुम्हाला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हेही तुम्हाला ठाऊक होतं. शेवटची दोन बोटं मी सिंकपाशी उभी राहून प्यायले. घरात कोणी नव्हतं, तरी खुर्चीकडे पाठ केली.